मास्तरांच्या गोष्टीतल्या सात चुका

मास्तर, काल दुपारी मालकांनी तुमची गोष्ट माझ्या टेबलावर आणून टाकली, आणि तेव्हापासून मी तुमच्यावर रागावलेलो आहे. नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसावर रागावणं शोभत नाही हे मला कळतं. पण गिरगावातल्या या छापखान्यात दिवसभर मान खाली घालून प्रुफं वाचणाऱ्या माणसाने दुसऱ्या कोणावर रागवायचं? मासिकात पूर्वी आलेल्या निवडक गोष्टींचं पुस्तक काढायचं मालकांच्या मनात आलं आहे. लग्नसराईत अहेर म्हणून खपेल म्हणतात. त्यात पहिली गोष्ट तुमची. उद्या सकाळी जुळवलेल्या पानांचा फर्मा छपाईच्या यंत्रावर चढायचा आहे. तुम्ही जन्मात लिहिलेली ती एकच गोष्ट, आणि छापलेली आहे ती तुम्ही लिहिली तशी नाही. हे छापखान्यात एकट्या मला माहीत आहे, कारण ती मी बिघडवली.

तुम्हाला आठवतं का मला कसं वर बोलावलंत ते? शाळा सहावीत सुटलेली, वडील गिरणीत, लालबागहून ट्रामने यायचो आणि खाली टायपाच्या खणांच्या केसपुढे उभा राहून शिशाचे खिळे जुळवायचो. मी जुळवलेल्या मजकुराच्या गॅलीत ऱ्हस्वदीर्घाची चूक सापडत नाही एवढ्यावरून तुम्ही मला तुमच्या टेबलाशी बसवलंत. काम असं की मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि तुम्ही प्रुफावर डोळा ठेवायचा. विरामचिन्हंसुद्धा वाचायची. मासिकात दर महिन्याला एक तरी गूढ गोष्ट असायचीच आणि नेमकी ती तुम्ही आपल्याकडे ओढून घ्यायचात. मी सपाट आवाजात वाचतोय, ‘ती भिंतीशी काय बोलते स्वल्पविराम हे मी तिला कधी विचारलं नाही पूर्णविराम नवा परिच्छेद’, आणि माझ्या अंगावर काटा येतोय. तुम्ही प्रुफावरून नजर न काढता म्हणताय, “काटा मागाहून येऊ दे. ‘विचारलं’वर अनुस्वार आहे का ते सांग.”

मला त्या गोष्टींचा खरंच वैताग यायचा. साध्या भुताच्या गोष्टीत निदान भूत असतं. पिंपळ असतो, पैंजण वाजतात, मांत्रिक येतो आणि प्रकरण निकालात निघतं. तुमच्या आवडत्या गोष्टींत यातलं काहीच नाही. एक सभ्य माणूस शांतपणे आपली हकीकत सांगतो. घर कसं, माणसं कशी, आपण कसे सगळ्यांशी नीट वागलो. सांगताना एखाददुसरी गोष्ट मागच्याशी जुळत नाही. आणि मग गोष्ट संपते. एकदा मी न राहवून म्हटलं होतं, “मास्तर, यात शेवटी झालं काय ते लिहिलंच नाही.”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटून काय उपयोग? छापायला नको?”

तुम्ही हसून खालून चहा मागवलात. तुमची ही खोड मला कधीच आवडली नाही. फार मागे लागलो तेव्हा बशीत चहा ओतता ओतता एकदाच सांगितलंत. म्हणालात, भूत दिसलं की माझी भीती संपते, मग ते भूत आणि मी, जे व्हायचं ते होऊ दे. पण सांगणारा माणूस चांगला नीटनेटका, कपाळाला गंध लावलेला, आणि तो आपल्याशी काहीतरी हातचं राखून बोलतोय असा एकदा संशय आला, की पुस्तक मिटलं तरी तो आपल्याबरोबर घरी येतो. मी म्हटलं, असल्या माणसाला घरी न्यायचंच कशाला? तर म्हणालात, “न्यायला कशाला हवा? घरी असतोच एखादा.” मला ते उत्तर तेव्हा वात्रटपणाचं वाटलं.

आणि हेच तुम्ही, मास्तर, दुसऱ्या बाजूने मला काय शिकवत होतात? त्या ऐतिहासिक कादंबरीचं प्रकरण आठवा. सरदाराचा घोडा तिसऱ्या प्रकरणात पांढरा होता आणि अकराव्यात काळा झाला. मी ते पाहिलं नाही, पुस्तक बांधून झालं, आणि लेखक टोपी हातात घेऊन छापखान्यात नाचले. ते गेल्यावर तुम्ही सगळ्यांदेखत मला म्हणालात, “शुद्धलेखन कोणालाही शिकवता येतं. मजकूर मजकुराशी जुळतो की नाही हे पाहायला तुला वर बसवलाय. पहिल्या पानावर वाचलेलं शेवटच्या पानापर्यंत डोक्यात राहत नसेल तर खाली जा आणि खिळे धू.” त्या दिवशी मी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवसापासून एक वही केली. हातात येईल त्या मजकुरातली माणसांची वयं, घोड्यांचे रंग, घराची दारं, खिडक्या, महिने, सण, सगळं त्या वहीत टिपून ठेवायला लागलो. आठवडाभराने ती वही तुमच्या नजरेला पडली. तुम्ही पानं उलटलीत आणि संध्याकाळी मला वाचनालयात घेऊन गेलात आणि तिथल्या कारकुनाला सांगितलंत, हा माझ्या नावावर पुस्तकं नेईल. मला त्या आनंदात ताप भरल्यासारखं झालं. मग सांगा, पुढे जे झालं त्यात माझी एकट्याची चूक कशी?

दिवाळी अंकाचं काम चालू होतं. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, प्रुफं जवळजवळ मीच बघत होतो. तुम्ही अकरा कागद माझ्यापुढे ठेवलेत आणि धोतराच्या टोकाने चष्मा पुसत राहिलात. तुमचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. “स्वतःचं प्रूफ स्वतः वाचू नये,” म्हणालात. “मनात असतं ते दिसतं, कागदावरचं दिसत नाही. तू वाच. कोणाला मोठ्याने वाचायला लावू नको.” बस्स. मास्तर, तिथे एक वाक्य जास्त बोलायला काय हरकत होती? यात जे जुळत नाही ते मुद्दाम आहे, एवढंच. माझी वही तुम्ही पाहिली होतीत. मी काय करणार हे तुम्हाला कळायला नको होतं?

गोष्ट रे रोडच्या लाकडाच्या वखारीतल्या एका कारकुनाची. वखारीच्या माथ्यावर दोन खोल्या, आतल्या खोलीत आजारी बायको, आणि तो आपण तिची सेवा कशी करतो ते सांगतोय. मी वही उघडून बसलो. पहिल्या पानावर बायकोच्या खोलीला दोन खिडक्या, पाचव्यावर एकच, तीही फळी ठोकून बंद. दाराचं कुलूप आधीच्या भाडेकरूने लावलेलं, आणि पुढे हाच गृहस्थ सांगतो की आपण ते भायखळ्याला जाऊन पारखून घेतलं. बायको हिरवं लुगडं नेसून निजलेली आहे, आणि दोन पानांनंतर तेच लुगडं कापूर घालून ट्रंकेत ठेवलेलं आहे. ती रोज पेज घेते म्हणतो आणि वाडग्यावर धूळ आहे असंही म्हणतो. डॉक्टर दर गुरुवारी येतात. मग कळतं की वखारीचा जिना चढून वर्षभरात कोणी आलंच नाही. आजार श्रावणातला, तोच पुढे कार्तिकातला. आणि आणखी एक. एकूण सात.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, मास्तरांचे डोळे गेले, आता मागचं पुढे आठवेनासं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांचे घोडे एका रंगाचे करणाऱ्या माणसाची स्वतःची गोष्ट अशी छापली तर लोक काय म्हणतील? तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही खजील झाला असतात. म्हणून मी कोणाला न सांगता, जेवणाच्या सुट्टीत खाली गेलो आणि गॅलीत स्वतःच्या हाताने चिमट्याने खिळे उपसून सातही ठिकाणं दुरुस्त केली. खिडक्या दोन केल्या. धूळ पुसली. डॉक्टरांना दर गुरुवारी जिना चढवला. इतकं सफाईने केलं की ओळीसुद्धा हलल्या नाहीत. मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवतो.

मग अंक निघाला आणि पत्रं येऊ लागली. दादरच्या एका बाईंनी लिहिलं की असा पती जन्मोजन्मी लाभो. कोणी कळवलं की त्यांच्या महिला मंडळात हळदीकुंकवाला ही गोष्ट वाचून दाखवली आणि बायका रडल्या. मालक खूश होऊन पत्रं घेऊन वर आले. तुम्ही अंक नाकाला लावून दोन दिवस वाचत होतात. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आलात. आवाज चढवला नाहीत. चढवला असतात तर बरं झालं असतं.

“खोलीला दोन खिडक्या कोणी केल्या रे?”

आणि मी, ज्याला त्याच आठवड्यात कायम करायचं मालक म्हणत होते, मी उभा राहून म्हणालो, “तुम्हीच तसं लिहिलं होतं, मास्तर. मी एक अक्षर बदललं नाही.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या डोळ्यांना माझा चेहरा कितपत दिसला असेल, कोण जाणे. मग म्हणालात, “तू म्हणतोस तर तसंच असेल. डोळे गेले, आता डोकंही चाललं म्हणायचं.” आणि छत्री घेऊन घरी गेलात.

मास्तर, मूळ प्रत कुठे होती? दाराजवळच्या तारेला टोचलेली. आपल्याकडे छापून झालेला प्रत्येक कागद त्या तारेला टोचून ठेवतात आणि दिवाळीनंतर रद्दीत देतात, ही पद्धत तुम्हीच घालून दिलेली. चार पावलं. चार पावलं चालून ते अकरा कागद काढून बघायचे होतेत. दिसत नव्हतं तर कोणालाही वाचायला सांगायचं होतंत. एकोणीस वर्षांच्या पोराच्या शब्दावर तुम्ही आपल्या स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास काढून घेतलात! जन्मभर सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नका म्हणणाऱ्या गोष्टी वाचल्यात, आणि समोर उभा असलेला खोटारडा ओळखता आला नाही. की ओळखलात? हेही तुम्ही सांगितलं नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर तुम्ही कामावर आला नाहीत आणि पौषात गेलात. त्याआधी रद्दीवाला येऊन गेला होता. मी त्याला तारेवरचे कागद मोजून दिले. अडवलं नाही.

मी काय केलं होतं ते मला आईने सांगितलं, जिला अक्षर येत नाही. तुमचं तेरावं झाल्यावर ती सुके बोंबील साफ करत बसली होती आणि तुझ्या मास्तरांनी लिहिलं होतं तरी काय म्हणून विचारत होती. मी तिला गोष्ट सांगितली, तुम्ही लिहिली होती तशी, प्रत्येक चुकीसकट. मी केवढ्या गोष्टी सावरल्या हे तिला कळावं म्हणून. ती बोंबलांची डोकी खुडता खुडता ऐकत होती. धुळीचा वाडगा आला तशी तिचा हात थांबला. “अरे, ती बाय कधीच मेली हा,” ती म्हणाली. “तेका म्हायत आसा. पण तो सोताकच सांगणा नाय.” मग थोड्या वेळाने, “गरीब बिचारो,” आणि आणखी थोड्या वेळाने, “तेनाच मारल्यान काय रे?” मी म्हटलं मला माहीत नाही. ती माझ्यावर उखडली, एवढा शिकलेला तू आणि तुला माहीत नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती मधूनच विचारायची, त्या वखारवाल्याचं काय झालं असेल. छापलेली गोष्ट ऐकून दादरच्या बायका एकदा रडल्या आणि विसरल्या. तुमची गोष्ट माझ्या आईच्या घरात येऊन राहिली.

तेव्हापासून माझी जी दशा झाली आहे तिलाही तुम्हीच जबाबदार. वाचनालयात मी अजून तुमच्याच नावावर पुस्तकं नेतो, आणि शोधून शोधून तसलीच नेतो. पहिल्या ओळीत कोणी म्हणाला की मी सांगतो ते अक्षरशः खरं आहे, की मी पेन्सिल काढतो. आता मला कळतं यात गोडी कशाची आहे. बाकीच्या पुस्तकांत वाचणारा पाहुणा असतो, पाटावर बसवून वाढतात. या पुस्तकांत त्याला प्रूफ वाचायला बसवलेलं असतं. चूक सापडली की अंगावर काटा येतो, आणि ती दुरुस्त करायची सोय नसते. हे ठीक आहे, पण मला ते थांबवता येत नाही. वर्तमानपत्रात गोळीबाराची हकीकत येते, वरच्या रकान्यात जमाव शांतपणे पांगला आणि खालच्या रकान्यात इस्पितळात खाटा अपुऱ्या. चाळीतली माणसं संतापून चौपाटीच्या सभेला जातात आणि मी वही घेऊन खिडक्या मोजत बसतो. आई म्हणते, तू हल्ली कोणाचंच बोलणं सरळ ऐकत नाहीस. खरं आहे. स्वतःचंही ऐकत नाही.

आज सकाळी मालकांकडे गेलो. खाली हँडबिलांचा इतका रेटा आहे की ठळक टायपातले ‘म’ आणि ‘ह’ संपले आहेत, ‘संयुक्त महाराष्ट्र’ जुळवायला जुळारी एकमेकांच्या केसमधून खिळे चोरतात, आणि मालकांचं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, मास्तरांच्या गोष्टीत सात ठिकाणी मजकूर बदलायला हवा. त्यांनी काय बदलायचं ते ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला. “म्हणजे बायको मेलेली? आणि हा तिला कोंडून बसलाय? अरे, हे पुस्तक मी लग्नात वाटायला काढतोय. ही गोष्ट वाचून आमच्या वहिनी रडल्या होत्या. मास्तरांचं लिखाण सुधारणारा तू कोण लागून गेलास?”

या प्रश्नाचं खरं उत्तर मला तोंडपाठ होतं. नऊ वर्षं होतं. ते दिलं असतं तर मालकांनी मला काढलं नसतं, पण माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक पुस्तकाकडे वेगळ्या नजरेने बघितलं असतं, आणि छापखान्यात माझ्याजवळ चूक न करणारा माणूस एवढीच काय ती पत आहे. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “या दुरुस्त्या मास्तरांनीच मला सांगून ठेवल्या होत्या. जाण्यापूर्वी. पुन्हा कधी छापली तर अशी छाप म्हणाले.” मालक तुम्हाला मानत होते. “शेवटची इच्छा म्हणतोस?” मी मान हलवली. त्यांनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाले, कर तर मग, पण गोष्ट पहिली नको, अकरावी टाक, अहेर घेणारे तिथवर जात नाहीत. तुमच्याबद्दल मी दुसऱ्यांदा खोटं बोललो, मास्तर, आणि या खेपेला त्यातून तुमची गोष्ट सुटली. याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुम्ही असतात तर चहा मागवला असतात.

जेवणाच्या सुट्टीत मी खाली जाऊन पुन्हा चिमटा हातात घेतला आणि सातही ठिकाणं पूर्ववत केली. आता फर्मा आवळून ठेवला आहे. हे पत्र मी टाकाऊ प्रुफांच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय, आणि ते पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, म्हणून जे मालकांना सांगता आलं नाही ते इथे लिहितो. सात म्हटलं तरी मला सहाच आठवल्या. सातवी काय होती ते काल दुपारपासून आठवून आठवून डोकं दुखायला लागलं, ती वहीही तुम्ही गेल्यावर पहिल्याच वर्षी वाळवीने खाल्ली. सहावर थांबायला हवं होतं. थांबलो नाही. तुमचा कारकून पहिल्या पानावर सांगतो की घरात आरसा नाही, बायकोला सोसत नाही म्हणून काढून टाकला. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात मी त्याला आरशासमोर उभं राहून सावकाश भांग पाडायला लावला आहे. एकच वाक्य आहे. तुमच्या सहांत ही माझी सातवी चूक कोणाला वेगळी ओळखू येणार नाही, तुम्हाला आली असती. आणि खरं सांगायचं तर, मास्तर, सातांत मला तीच जास्त आवडते.